बोका तुझा, भिंत काकांची

अगं, घर मिळालं हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या मेसेजातलं शेवटचं वाक्य मला पचलं नाही. ‘मन्याचं ओनरकाकांना अजून सांगितलं नाहीये, राहायला गेल्यावर बघू.’ काय बघणार आहेस? बोका काय माळ्यावर टाकायची वस्तू आहे? तो पहिल्याच दिवशी खिडकीत जाऊन बसणार, समोरच्या बिल्डिंगमधली पोरं त्याला हाका मारणार, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना लिटरची पिशवी दिसणार आणि आठवड्याच्या आत सेक्रेटरींच्या घरून ती बातमी काकांच्या कानावर जाणार. तू सांगितलंस तर तो तुझा बोका असतो. दुसऱ्याकडून कळलं की तो ‘लपवलेला’ बोका होतो. मग वर्षभराने घर सोडताना प्रत्येक जुना डाग, प्रत्येक पोपडा मन्याच्या नावावर चढतो आणि तुझ्याकडे बोलायला तोंड राहत नाही.

मला तुझं डिपॉझिट वाचवायचंय, पण त्याहीपेक्षा तुझं ते तोंड शाबूत ठेवायचंय. घर सोडायच्या दिवशी काकांशी ताठ मानेने बोलता आलं पाहिजे. ‘हे आम्ही केलं, याचे पैसे घ्या, हे आम्ही केलेलं नाही, याचे मिळणार नाहीत.’ ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता यायला हवीत. त्याची तयारी शेवटच्या महिन्यात होत नाही, आत्ता व्हायला हवी.

आधी एक गोंधळ निस्तरू. तू लिहिलंयस, ‘सोसायटीला पेट्सना बंदी करता येत नाही, मग काका कशाला काही म्हणतील?’ यात दोन वेगळ्या गोष्टी तू कालवल्यास. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या सोसायट्यांना आणि रहिवासी संघांना उद्देशून आहेत. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे मागता येत नाहीत, असं त्यात आहे. सूचना मुख्यतः कुत्र्यांच्या संदर्भात निघाल्या, पण सेक्रेटरींनी डोळे वटारले तर तुला त्यांचा आधार आहेच. काका मात्र सोसायटी नव्हेत. घर त्यांचं आहे, कोणत्या अटीवर द्यायचं हे त्यांनी ठरवायचं आणि ‘प्राणी ठेवणार नाही’ या अटीवर तू अंगठा दिलास तर ती अट तू मान्य केलीस. उद्या त्यांनी कराराचा भंग म्हणून नोटीस दिली, तर मार्च महिन्यात, ऑफिसच्या धबडग्यात, बोक्यासकट दुसरं घर शोधत फिरशील. एजंट लोकांना ‘मांजर आहे’ म्हटलं की त्यांचा फोन कसा कट होतो हे तुला माहीत आहेच.

तेव्हा आजच काकांना फोन कर. मेसेज नको, फोन. वय किती, नसबंदी झालीय का, लसी कधी दिल्या, दिवसभर तू ऑफिसात असताना तो काय करतो, हे त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग. आधीच्या घरमालकीणबाईंशी तुझे संबंध चांगले होते ना? त्यांचा नंबर दे, ‘हवं तर त्यांना विचारा’ म्हण. काकांना मांजराची भीती नसते गं, त्यांना भीती असते ती वासाची आणि पुढचा भाडेकरू नाक मुरडून परत जाण्याची. त्या भीतीला उत्तर दिलंस की अर्धं काम झालं. कुरकुर केलीच तर थोडं जास्त डिपॉझिट देऊ कर, पण परत मिळणारं. ‘पेट चार्जेस’ म्हणून महिन्याला काही रक्कम किंवा परत न मिळणारे एकरकमी पैसे सहसा कबूल करू नकोस. ते देऊनही नुकसानभरपाई वेगळी मागणार नाहीत याची काय खात्री?

आता ॲग्रीमेंट. आपल्याकडे बहुतेक जण ‘अकरा महिन्यांचं’ म्हणतात आणि न वाचता बायोमेट्रिक मशीनवर अंगठा ठेवतात. एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, चहा होतो, दहा मिनिटांत सगळं उरकतं. तू मात्र मसुदा आदल्या दिवशी मागून घे. लिव्ह अँड लायसन्स हा प्रकार काय आहे ते नीट समज: कायद्याच्या नजरेत तू खरं तर भाडेकरूही नाहीस. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तुला तिथे राहायची परवानगी मिळालीय, एवढंच. भाडेपट्टा असता तर त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ लागलं असतं. त्यात भाडेकरूने घर जसं घेतलं तसं परत करायचं, नेहमीच्या वापराने होणारी झीज तेवढी सोडून, असं स्पष्ट आहे. लायसन्सला ते कलम थेट लागू होत नाही. म्हणून करारात जे छापलंय तेच तुझ्यासाठी कायदा. ‘नॉर्मल वेअर अँड टेअर वगळून’ हे शब्द मसुद्यात आहेत का बघ. नसतील तर घालून घे. सगळा वाद शेवटी या चार शब्दांवर येऊन उभा राहतो.

करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने घरमालकावर टाकलीय. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर, असं तेच कलम सांगतं. म्हणून कुणी ‘कशाला रजिस्टर करायचं, नोटरी करू’ म्हणालं तर काकांनाच सांग की यात धोका त्यांचा जास्त आहे. आणि नोंदणी होणारच आहे, तर इतर अटींच्या रकान्यात मन्याचं नाव घालून घे. भाषेचा बडेजाव नको. ‘लायसन्सीकडे एक पाळीव मांजर आहे, लायसन्सरला त्याची माहिती असून त्यांची संमती आहे. मांजरामुळे झालेलं नुकसान लायसन्सी दुरुस्त करून देईल किंवा दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलाप्रमाणे देईल, नेहमीची झीज वगळून.’ बस. ‘प्रत्यक्ष खर्च’ आणि ‘बिलाप्रमाणे’ हे दोन शब्द माझ्यासाठी अधोरेखित कर.

कधी कधी मसुद्यात एक दमदाटीचं वाक्य असतं: प्राण्यामुळे काहीही नुकसान झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त. ते काढायला सांग. काढलं नाहीच, तरी घाबरून जाऊ नकोस. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात आधीच लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने फतेचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हेच सांगितलंय. एका मच्छरजाळीसाठी सगळं डिपॉझिट गिळता येत नाही.

पण म्हणून ‘मुका जीव आहे हो, त्याला काय कळतं’ हे वाक्य काकांसमोर काढू नकोस, मला ते अजिबात आवडत नाही. मन्याला कळत नाही म्हणूनच तर तुला कळायला हवं. घरात तू आणलास, तू सांभाळतेस, त्याने जे फाडलं, ओलं केलं, उचकटलं ते तू केलंस असं समजायचं. मैत्रीण दोन दिवस तिचा कुत्रा तुझ्याकडे ठेवून गावी गेली आणि त्याने दार कुरतडलं, तरी काकांच्या दृष्टीने जबाबदार तूच. मैत्रिणीकडून पैसे वसूल करणं हा तुमचा आपापसातला मामला.

मग झीज कशाला म्हणायचं आणि नुकसान कशाला? ढोबळपणे, माणूस नुसता राहिला तरी जे झालंच असतं, ती झीज. उन्हाच्या बाजूची भिंत फिकी पडणं, पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर तेलकट डाग येणं, नळाचा वॉशर जाणं, दाराची कडी ढिली होणं, दोन-तीन वर्षांत रंग मळणं. हे तुझं देणं नाही. बेडरूमच्या दाराच्या खालच्या अंगाला सनमायका नखांनी उचकटला, सोफ्याच्या हाताचं कापड सुतासारखं लोंबायला लागलं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या खालच्या प्लायवूडला शू मुरून ते फुगलं, ही झीज नव्हे. मधल्या गोष्टी असतात, तिथेच भांडणं होतात. फरशीवर कुत्र्याच्या नखांचे बारीक चरे? खुर्च्या सरकवूनही तसेच पडतात, मी तरी ती झीजच म्हणेन. भिंतीवर मांजर अंग घासून जातं त्या उंचीवर आलेला करडा पट्टा? ओल्या फडक्याने जातो, तू पुसून ठेव, विषय संपला.

आता जे नुकसान खरोखर तुझं, त्याचे पैसे किती? इथे बहुतेक पोरी फसतात. काका म्हणतील, सोफा तीस हजारांचा होता. असेल ना. पण घेतला कधी? समज सहा वर्षांपूर्वी घेतला, आणि असा सोफा साधारण दहा वर्षं चालतो असं धरलं, तर तुझ्या बोक्याने फाडला तेव्हा तो बारा हजारांचाच उरला होता. त्यातही फक्त एका हाताचं कापड गेलं असेल तर सोफेवाल्याकडून तेवढं बदलून मिळतं; मग तो खर्च आणि रंग जुळत नाही म्हणून थोडं इकडेतिकडे. करार कायद्याचं कलम ७३ भरपाई देतं ती झालेल्या तोट्याची. जुन्याच्या जागी कोरं करकरीत घेऊन देण्याची नव्हे. रंगाचंही तसंच. चार वर्षांपूर्वी लावलेला रंग, हॉलच्या एका भिंतीवर खालच्या फुटभर भागात ओरखडे, आणि मागणी काय, तर पूर्ण टू बीएचके ऑइलबाऊंड डिस्टेंपरने रंगवून द्या! एका भिंतीची पुट्टी आणि रंग दे, बाकीचं त्यांनी तसंही पुढच्या भाडेकरूसाठी केलंच असतं. पुण्या-मुंबईत घर सोडताना ‘पेंटिंग चार्जेस’ म्हणून ठरावीक रक्कम कापायची पद्धत आहे. तुझ्या करारात तशी अट असेल तर ती रक्कम देऊन वर पुन्हा त्याच भिंतीचे पैसे देऊ नकोस. एकाच भिंतीचे दोनदा पैसे घेणारे महाभाग आहेत.

पण हे सगळं बोलायला पुरावा हवा, आणि तो चावी हातात आल्याच्या दिवशीच गोळा होतो. सामान आत आणायच्या आधी, भर उजेडात, रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ. दारांच्या खालच्या कडा, चौकटी, सोफ्याच्या मागची बाजू, गाद्या उलटवून दोन्ही अंगांनी, ट्रॉल्या बाहेर ओढून आतून, खिडक्यांच्या जाळ्या, बाथरूमच्या दाराचं फुगलेलं प्लायवूड (ते प्रत्येक घरात फुगलेलं असतंच). करारात पंखे किती, ट्यूब किती, गीझर किती अशी यादी असते. तीत वस्तूंची संख्या असते, अवस्था नसते. अवस्था तू लिही आणि त्याच संध्याकाळी फोटोंसकट काकांना पाठव: ‘काका, आज ताबा घेतला, घर असं आहे, नोंद म्हणून पाठवतेय.’ त्यांनी नुसता अंगठा दाखवला तरी पुरे. काका परदेशात मुलाकडे जाऊन राहणार असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मग घर सोडताना तपासायला त्यांचा मेव्हणा किंवा एजंट येईल आणि त्याला घर आधी कसं होतं याचा पत्ताही नसेल. आणखी एक, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. अंधार करून फरशीवर, भिंतीच्या तळाशी फिरव. जनावराच्या लघवीचे वाळलेले डाग त्यात चमकतात. तुझ्या आधीच्या भाडेकरूने काय मागे ठेवलंय ते मन्या आत पाय ठेवायच्या आधी कळेल. मांजर दुसऱ्याच्या वासावर आपला वास चढवायला जातं, त्यामुळे हे नुसतं पुराव्यापुरतं नाही.

वासाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ओरखडा सुतार लपवतो, वास कुणी लपवू शकत नाही. मांजराच्या लघवीत युरिया असतो, जंतू त्याचा अमोनिया करतात. तो तिखट वास पाण्याने, साबणाने कमी होतो आणि आपल्याला वाटतं झालं. पण युरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत, ते फटीत, सिमेंटात, गादीच्या स्पंजात बसून राहतात. हवा कोरडी असेपर्यंत गप्प. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली, की तोच वास परत. मेमध्ये घर सोडलेल्या मुलीला जुलैमध्ये ओनरचा फोन येतो तो यामुळे, आणि दोघंही खरं बोलत असतात. त्यावर उपाय एन्झाइम असलेला क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. डाग आधी कोरड्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही, मग हा क्लीनर भरपूर ओतून, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओला ठेवायचा. दोन शिंतोडे मारून लगेच पुसलंस तर पैसे पाण्यात.

आणि फिनेल? आपल्या आयांचा सगळ्यावरचा उतारा! मांजराच्या घरात तो नकोच. फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत, पंजाला लागलेलं ते चाटतं आणि आजारी पडतं. अमोनिया असलेले क्लीनरही नको, त्यांचा वास मांजराला लघवीसारखाच येतो, म्हणजे तूच त्याला जागा दाखवून देतेस. ब्लीच तर ताज्या लघवीवर कधीच ओतू नकोस, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवाशी येईल.

फरशी कोणती आहे ते तू लिहिलं नाहीस. व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर नशीबवान आहेस, त्या काही शोषत नाहीत, फक्त मधल्या सांध्यांतलं ग्राउट शोषतं. तेवढं नवीन भरून घेणं स्वस्त पडतं. जुन्या इमारतीत शहाबादी किंवा कोटा असेल, ओट्याला कडप्पा असेल, कुठे संगमरवर असेल तर सावध. हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले दगड. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड, काहीही आंबट लागलं की त्यांची झिलई जाते आणि पांढुरका चट्टा उरतो. इंटरनेटवर ‘व्हिनेगर टाका’ असं जागोजागी लिहिलेलं असतं, ते टाइल्सवाल्यांसाठी. मन्याच्या डागाचा खर्च शून्य आणि तुझ्या व्हिनेगरच्या चट्ट्याचा खर्च पॉलिशवाल्याचा, असं व्हायला नको. आणि लाकडी दिसणारं लॅमिनेट फ्लोअरिंग असेल तर त्याच्या फटीतून ओल आत गेली की पट्ट्या कडांना फुगतात, परत बसत नाहीत. तसल्या खोलीचं दार बंदच ठेव.

मन्याची नसबंदी झालीय हे चांगलंय, न झालेला बोका भिंतीवर उभी फवारणी करतो आणि तो वास सगळ्यात चिवट. पण लिटरमध्ये जाणारा बोका अचानक बाहेर शू करायला लागला, तर त्याला ओरडू नकोस, डॉक्टरकडे ने. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबतो. पुन्हापुन्हा बसतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर त्याच रात्री, सकाळची वाट न बघता. घर बदललं की ताणानेही असं होतं. पहिला आठवडा त्याला एकाच खोलीत ठेव, त्याची जुनी चादर, जुनं लिटर तसंच. बॉक्स एकाऐवजी दोन ठेवलेस तर आणखी बरं.

नखांचं सोपं आहे. मांजराला ओरबाडायचंच असतं, प्रश्न एवढाच की कशावर. काथ्याचा जाड दोर लाकडी ओंडक्याला घट्ट गुंडाळून, अंगाला ताण देता येईल इतका उंच, आणि मुख्य म्हणजे सोफ्याच्या शेजारीच ठेव. कोपऱ्यात लपवलास तर तो त्याकडे बघणारही नाही. खिडकीच्या साध्या फायबरच्या जाळीला नखं लागली की ती दोन दिवसांत लोंबते. काकांना विचारून आत्ताच जाड, प्राण्यांसाठीची जाळी बसवून घे, जुनी जाळी फ्रेमसकट गुंडाळून जपून ठेव, जाताना परत लावून दे. खर्च तुझा होईल, पण चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे बोका खाली पडणं त्याहून महाग आहे.

आणि हो, तुझी ती रूममेट ‘लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणूया’ म्हणतेय ना? आणू दे बापडी, पण आधी एकदा बस तिच्यासोबत. करारावर तुम्हा दोघींची नावं आहेत. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे दोघींनी मिळून दिलेलं वचन मालक कोणत्याही एकीकडून पूर्ण करून घेऊ शकतो. पिल्लाचे दुधाचे दात साधारण तीन ते सात महिन्यांच्या दरम्यान पडून नवे येतात, त्या काळात ते चौकट, स्कर्टिंग, चार्जरची वायर, जे दिसेल ते चावतं. ते सगळं काका तुझ्याही डिपॉझिटमधून कापतील आणि ती तोवर बंगलोरला बदली होऊन गेलेली असेल. म्हणून तुमच्या दोघींत साध्या कागदावर लिहा: कुत्र्याचं नुकसान तिचं, बोक्याचं तुझं, डिपॉझिट कुणी किती भरलंय. आणि पिल्लासाठी काकांची संमती वेगळी घ्यायची. एका बोक्याला दिलेला होकार म्हणजे घराला प्राणिसंग्रहालयाचा परवाना नव्हे. तुम्ही दोघी ऑफिसला गेल्यावर ते दिवसभर एकटं राहून दार खरवडणार आणि भुंकणार, शेजारी तक्रार करणार, हेही तिला सांग. मला विचारशील तर आत्ता नकोच.

मधल्या काळात काही मोडलं-फाटलं तर दडवू नकोस. फोटो काढ, काकांना सांग, ‘मी दुरुस्त करून घेते, तुमचा नेहमीचा सुतार असेल तर नंबर द्या.’ त्यांच्याच सुताराने केलं की नंतर ‘काम नीट नाही’ म्हणायला जागा राहत नाही. बिल जपून ठेव.

सोडायची नोटीस दिलीस की शेवटच्या आठवड्याची वाट न बघता त्यांना एकदा घर दाखवून घे. यादी तेव्हाच होऊ दे, म्हणजे तुला तुझ्या दराने, तुझ्या माणसाकडून काम करून घ्यायला वेळ मिळतो. त्यांनी केलं तर खर्च त्यांच्या मर्जीचा. शेवटच्या दिवशी पुन्हा तसाच व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, आणि काय कापायचं ते लिहून. ‘पंधरा हजार कापतो’ असा गोल आकडा आला तर हसून म्हण, ‘काका, कशाचे किती ते लिहून द्या ना, बिलं किंवा कोटेशन पाठवा.’ गोल आकडे बिलापुढे बहुतेक वेळा आपोआप बारीक होतात.

नाहीच ऐकलं तर? रागाच्या भरात ‘डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही’ हा पवित्रा कुणी सुचवेल, तो वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर १९९९ च्या कायद्याचं कलम २४ लागतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरायची पाळी येते. शेवटच्या महिन्यांचं भाडं परस्पर बुडवून डिपॉझिटमधून वळतं करून घेणंही नको, मग करार तू मोडलास असं होतं. घर सोड, चावी दिल्याची पोच घे, मग लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण प्रकरण तिथवर सहसा जात नाही. व्हिडिओ आणि बिलं नोटिशीसोबत गेली की काकांचा मुलगाच त्यांना समजावतो. खरी रक्कम किरकोळ असेल तर मी म्हणेन, पाच-सहाशेसाठी भांडू नकोस, दे आणि मोकळी हो. पण ‘मांजर होतं ना तुमचं’ एवढ्या कारणावर हजारो रुपये सोडायचे नाहीत, अजिबात नाही.

कितीही ताण आला तरी ‘काही दिवस खाली पार्किंगमध्ये सोडून बघू’ हा विचार मनात आणू नकोस. तुझ्या डोक्यात नसेल, पण रूममेटच्या असेल. पाळलेलं जनावर उपासमारीने हाल होतील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मन्याला महिनाभर ठेवायला माझ्या घरी जागा आहे, दादाला शिंका येतात तर येऊ देत.

आता वाचणं थांबव आणि काकांना फोन लाव. ॲग्रीमेंटचा मसुदा आला की अंगठा द्यायच्या आधी मला पाठव, मी रात्री जेवणं झाल्यावर वाचते. आणि फर्निश्ड म्हणून ते जो पांढऱ्या कापडाचा सोफा ठेवून जातायत ना, तो काकांना उचलून न्यायला सांग. आपण गादी-लोडावर बसू.